लॅपटॉप घ्यायचाय? जे नंतर बदलता येत नाही ते आधी बघा

“आय फाइव्ह आहे, मग चांगलाच असणार ना?” नवा संगणक घ्यायला निघालेल्या जवळजवळ प्रत्येकाचा हा पहिला प्रश्न. प्रोसेसरचं नाव स्टिकरवर झळकत असतं, म्हणून लोक तेवढंच बघतात. दुरुस्तीच्या टेबलावर मात्र प्रोसेसर गेला म्हणून आलेलं मशीन क्वचितच दिसतं. येतात ती बिजागरी तुटलेली, चार्जिंगची पिन ढिली झालेली, डिस्क मरायला टेकलेली. नाहीतर सगळं धडधाकट असूनही रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) अपुरी म्हणून रखडत चालणारी. या शेवटच्या प्रकारात हळहळ जास्त वाटते, कारण रॅम बोर्डावरच (आतल्या मुख्य सर्किट पट्टीवर) डाकलेली असेल तर ती वाढवायची सोयच नसते.

म्हणून खरेदीचा क्रम उलटा धरा. जे पुढे बदलता येणार नाही ते आधी तपासायचं. जे बदलता येतं त्यावर घासाघीस करायची, ते नंतर वाढवलं तरी चालतं.

१. आधी कामं लिहा, मग मॉडेल बघा

मशीनवर रोज काय होणार ते चार ओळींत लिहा: टायपिंग, हिशेब, ऑनलाइन वर्ग, फोटो, व्हिडिओ एडिटिंग, गेम. “सगळंच” असं लिहू नका. सगळंच करायला जाणारा माणूस वजनदार, गरम आणि तासाभरात बॅटरी संपवणारं यंत्र घरी आणतो आणि त्यावर मेल वाचतो.

मशीन टेबलावरून कधी हलणारच नसेल तर डेस्कटॉप घ्या, हे माझं स्पष्ट मत आहे. त्यातला जवळपास प्रत्येक भाग सुटा मिळतो, सुटा बदलतो. फक्त पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे एसएमपीएसमध्ये, काटकसर करू नका. तो जाताना कधी कधी बोर्डालाही सोबत घेऊन जातो. ‘८० प्लस’ हा शिक्का वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतो, बांधणीची हमी देत नाही. वीज सारखी जात असेल तर डेस्कटॉपला यूपीएस हवाच.

यापुढचं बहुतेक लॅपटॉपबद्दल आहे, कारण चुकीची खरेदी तिथेच जास्त होते.

२. न बदलता येणारे भाग

रॅम. विक्रेत्याला नेमका प्रश्न विचारा: “रॅम स्लॉटमध्ये आहे की ऑनबोर्ड? मोकळा स्लॉट आहे का?” रॅमच्या प्रकारापुढे एलपीडीडीआर असं लिहिलेलं असेल तर जवळजवळ नक्कीच ती बोर्डावर डाकलेली आहे. चालू मशीन समोर असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि मग मेमरीवर जा. तिथे किती स्लॉट आहेत, किती वापरात आहेत ते दिसतं. ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘एसओडिम’ असेल तर काडी काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर सहसा डाकलेली. ऑनबोर्ड मशीन घ्यायला हरकत नाही, पण मग पाच वर्षांनी लागेल तेवढी रॅम आजच घ्या. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ४ जीबीची किमान अट घातली आहे. ती मशीन चालू होण्याची अट समजा, काम करण्याची नव्हे. साध्या कामाला ८, आणि वाढवायची सोय नसेल तर १६.

स्क्रीन. पॅनल बदलता येतं, पण खर्च एवढा होतो की लोक बदलत नाहीत. टीएन पॅनल बाजूने बघितलं की रंग उलटेपालटे दिसतात, आयपीएस प्रकारचं घ्या. उजेड ‘निट्स’मध्ये मोजतात. २५० निट्सची स्क्रीन खिडकीजवळ बसून वापरताना डोळे ताणावे लागतात. ३०० किंवा त्याहून जास्त असेल तर बरं.

बिजागरी. याकडे कोणीच बघत नाही, म्हणून जरा सविस्तर. स्वस्त लॅपटॉपच्या खालच्या सांगाड्यात प्लास्टिकच्या बारीक खुंट्या असतात, त्यात पितळी नट दाबून बसवलेले असतात आणि बिजागरीचे स्क्रू त्या नटांत जातात. बिजागरी वापराने घट्ट होत जाते. झाकण उघडताना सगळा जोर त्या खुंट्यांवर येतो, आणि एक दिवस नट प्लास्टिकसकट उपटून निघतो. बाहेरून फक्त कोपऱ्याशी फट दिसते. लोक ती फट दाबून झाकण मिटतात, मग स्क्रीनची केबल कापली जाते. घेताना झाकण चार-पाच वेळा उघडा-मिटा. एका हाताने, मध्यभागी धरून सहज उघडलं पाहिजे. करकर आवाज आला किंवा कोपरा वाकला तर दुसरं मॉडेल बघा. घरीही झाकण कोपऱ्याला धरून उघडायचं नाही.

पोर्ट. टाइप-सी दिसलं म्हणजे त्यातून चार्जिंग होतं किंवा मॉनिटर चालतो असं नसतं. काही टाइप-सी पोर्ट फक्त डेटापुरते असतात. चार्जिंग टाइप-सीवर होत असेल तर मोठा फायदा: चार्जर हरवला तर पुरेशा वॉटचा कुठलाही चांगला पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर चालतो.

ईएमएमसी. स्टोरेजपुढे हा शब्द दिसला की थांबा. ते स्टोरेज बोर्डावर डाकलेलं असतं, बहुतेक वेळा ६४ किंवा १२८ जीबी. ६४ जीबीवर विंडोजचे मोठे अपडेट आले की जागेची मारामार ठरलेली.

३. प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा

इंटेलच्या प्रोसेसरवरचं ‘आय५’ हे आडनाव समजा. माणूस ओळखायला पुढचे आकडे लागतात. आय५-८२५०यू म्हणजे आठवी पिढी, आय५-११३५जी७ म्हणजे अकरावी. नव्या आय३ ने जुन्या आय५ ला मागे टाकणं नेहमीचंच आहे. शेवटचं अक्षर यू असेल तर वीज कमी खाणारा, एच असेल तर ताकदवान पण तापणारा.

इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्या रायझन प्रोसेसरच्या ७००० मालिकेतल्या लॅपटॉप चिपमध्ये एक गंमत आहे. तिथे पहिला आकडा वर्षाचा, आतली रचना सांगणारा आकडा तिसरा. रायझन ५ ७५२०यू नावाने नवा वाटतो, पण त्यातले कोअर झेन २ चे, म्हणजे मुळात २०१९ मधल्या रचनेचे. ७५३०यू झेन ३ चा. नावात फरक एकाच आकड्याचा, कामात बराच.

जुनं मशीन बघत असाल तर आणखी एक रेषा लक्षात ठेवा. विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझनची २००० मालिका, किंवा त्यापुढचं काही लागतं. “सातव्या पिढीवरही टाकून देतो” म्हणणारे भेटतील. टाकता येतं, पण अपडेटची हमी राहत नाही. असं मशीन हातात असेलच तर त्यावर लिनक्स टाकून ब्राउझर आणि टायपिंगपुरतं मस्त चालतं.

४. डिस्क: एसएसडीच, पण कोणती ते बघून

“लॅपटॉप स्लो झालाय” अशी तक्रार असलेल्या जुन्या मशीनमध्ये हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपची डिस्क) बसवली की मालकाला ते आपलंच मशीन आहे हे पटत नाही. साटा (जुन्या जोडणीची) एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची) काही हजार एमबी. रोजच्या कामात या दोघींमधला फरक फारसा जाणवत नाही. हार्ड डिस्क आणि एसएसडीमधला मात्र लगेच जाणवतो.

सापळा असा की एम.२ आकाराच्या पट्टीत साटा आणि एनव्हीएमई असे दोन्ही प्रकार येतात, दिसायला जवळजवळ सारखे. स्लॉट कोणती घेतो हे मॉडेलच्या माहितीपत्रकात बघितल्याशिवाय पट्टी मागवू नका.

आणि ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ दिसते, १ टीबीची ९३१. कोणी फसवलेलं नाही. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या.

५. पैसे देण्यापूर्वी आणि पहिल्या दिवशी

हे सोबत असू द्या, आणि हे मागून घ्या:

– पेन ड्राइव्ह, इअरफोन आणि मोबाइलचा हॉटस्पॉट (पोर्ट, आवाज, वाय-फाय तपासायला)
– मॉडेलचं पूर्ण नाव लिहिलेला कागद. एकाच नावाखाली चार-पाच वेगळी कॉन्फिगरेशन विकली जातात
– पक्कं बिल, त्यावर सीरियल नंबर
– वॉरंटीची मुदत, आणि बॅटरी-चार्जरची मुदत वेगळी आहे का ते
– विंडोज आणि ऑफिस मूळ परवान्याचं आहे का, याचं लेखी उत्तर

नोटपॅड उघडून प्रत्येक की एकदा दाबा. संपूर्ण पांढरं, मग संपूर्ण काळं चित्र लावून मेलेले पिक्सेल बघा. कॅमेरा, माइक, दोन्ही बाजूचे पोर्ट तपासा. मशीनच्या तळाचा, खोक्यावरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर जुळतो ना ते बघा, आणि तिन्हींचा एक फोटो काढून ठेवा. खोकं वॉरंटी संपेपर्यंत टाकू नका.

फुकटात ‘ॲक्टिव्हेट’ करून मिळणारं विंडोज नको म्हणा. त्या ॲक्टिव्हेटरसाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळं आलं.

६. सेकंड हॅण्ड घेत असाल तर

ऑफिसच्या वापरातून बाहेर पडलेला चांगल्या बांधणीचा जुना लॅपटॉप नव्या, तकलादू लॅपटॉपपेक्षा मी केव्हाही पसंत करीन. त्यांची बिजागरी धातूत बसवलेली असते, तळ चार-सहा स्क्रूंत उघडतो, सुटे भाग मिळतात. पण तीन गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

कुलूप. मशीन बंद करून चालू करा, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) शिरा. पासवर्ड मागितला आणि विक्रेत्याला तो माहीत नसेल तर तिथूनच परत फिरा. मग विंडोज रीसेट करून, इंटरनेट जोडून सुरुवातीची मांडणी तुमच्यासमोर करायला लावा. एखाद्या कंपनीचं नाव दाखवून तिथलाच लॉगिन मागितला, तर मशीन अजून त्या कंपनीच्या ताब्यात नोंदलेलं आहे. फॉरमॅट मारून ते सुटत नाही. मॅकबुकच्या बाबतीत आधीच्या मालकाने आपल्या खात्यातून ते काढलंय का, हे तिथल्या तिथे बघा.

बॅटरी. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’ (इंग्रजीत पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी), मग स्पेस, पुढे झुकलेली तिरपी रेघ आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ हा जोडशब्द टाइप करून एंटर दाबा. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते. ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे नवी असतानाची क्षमता, ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची. आजची साठ टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करायला सांगा.

डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर न्या. ते डिस्कची तब्येत, एकूण चालू राहिलेले तास आणि खराब झालेले सेक्टर दाखवतं. पिवळा ‘कॉशन’ दिसला तर मशीन घेतलं तरी डिस्क बदलायचीच, असं धरा.

७. पहिल्या आठवड्यातच करायची कामं

अ) रिकव्हरी की. लोकांचा डेटा हल्ली सर्वांत जास्त इथे अडकतो. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की पुष्कळ मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही, मालकाला पत्ताही नसतो. पुढे बोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही हललं की निळा पडदा येतो आणि ४८ अंकी किल्ली मागतो. ती किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात उपकरणांच्या यादीत असते. आजच बघा, कागदावर उतरवा, कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. किल्ली नसेल तर कोणताही दुरुस्तीवाला तो डेटा काढून देऊ शकत नाही; “काढून देतो” म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

आ) बॅकअप. एक बाहेरची डिस्क घ्या, आठवड्यातून एकदा जोडा, कॉपी करा, काढून ठेवा. कायम जोडून ठेवलेल्या डिस्कवर मशीनमधला व्हायरसही पोहोचतो. क्लाउडवरच्या सिंकला बॅकअप समजू नका, कारण इथे फाइल उडवली की तिथलीही उडते. कचरापेटीतून परत मिळते, पण ठरावीक मुदतीतच.

इ) चार्जिंगची मर्यादा. लॅपटॉप दिवसभर प्लगवरच असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय शोधा. पुष्कळ मॉडेलमध्ये ती असते. लिथियमच्या बॅटरीला सतत शंभर टक्के भरलेलं राहणं आणि उष्णता, ही जोडी मानवत नाही.

वेगळा अँटिव्हायरस बहुतेकांना लागत नाही. विंडोजमधला डिफेंडर चालू आणि अपडेट असला की पुरे. मशीनसोबत आलेला चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस मुदत संपल्यावर नुसता भीती घालत बसतो. तो काढून टाका.

८. देखभाल: धूळ, उष्णता, पाणी

लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरला की तळाची हवा घ्यायची जाळी बंद होते. आत पंख्याच्या तोंडाशी, तांब्याच्या बारीक पात्यांवर धूळ आणि तंतू अडकून नमद्यासारखा थर बसतो. पंखा जोरात फिरतो, हवा बाहेर पडत नाही, आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मालक म्हणतो, “व्हायरस आलाय बहुतेक.” पंखा ओरडतोय आणि बाजूच्या जाळीतून हवा लागत नाही, असं असेल तर सफाई करा. दाबलेल्या हवेचा डबा मारताना पंख्याची पाती काडीने अडवून धरा, नाहीतर ती भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. त्याने स्थिर वीज तयार होते. थर्मल पेस्ट मात्र दर वर्षी बदलायची गरज नसते. सफाईनंतरही तापमान उतरत नसेल तरच त्याकडे वळा.

टचपॅड वर उचललाय, क्लिक होत नाही, झाकण नीट मिटत नाही, किंवा सपाट टेबलावर मशीन डगमगतंय? बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, मशीन बंद करा, आणि बॅटरी बदलेपर्यंत चालू करू नका. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची तर मुळीच नाही; आग लागते.

काही सांडलं तर पॉवर बटण सरळ दहा सेकंद दाबून धरा. फाइल सेव्ह करत बसू नका. चार्जर काढा, मशीन तंबूसारखं उलटं उभं करा आणि तसंच दुरुस्तीला न्या. हेअर ड्रायर नको, धान्यात पुरून ठेवणंही नको. “चालू होतंय का बघू” हा मोह आवरा, कारण ओल्या बोर्डाला वीज मिळाली की गंज आणि शॉर्ट दोन्ही वेगाने होतात. वरून सुकलेलं मशीन दोन आठवड्यांनी बंद पडतं ते यामुळेच. पेयात साखर असेल तर बोर्ड उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावाच लागतो.

९. दुरुस्तीला नेण्याआधी हे बघा

डेस्कटॉप मशीनवर अचानक एकही वेबसाइट उघडेना, सुरक्षेचे इशारे येऊ लागले, तर आधी कोपऱ्यातली तारीख बघा. ती कित्येक वर्षं मागे गेली असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. घड्याळाच्या दुकानातही मिळणारी ती चकती बदलली की प्रश्न मिटतो.

मशीन चालू होतं पण डिस्प्ले येत नाही? वीज काढून रॅमची काडी काढा, सोनेरी टोकं अल्कोहोलने पुसा, पुन्हा घट्ट बसवा. दोन काड्या असतील तर एकेक लावून बघा.

पडद्यावर भोंगा वाजवत “तुमचा संगणक लॉक झालाय, या नंबरवर फोन करा” असं आलं, तर तो निव्वळ वेबपानाचा देखावा आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. ऑल्ट आणि एफ४ दाबून ब्राउझर बंद करा. फोन करू नका, दुरून मशीनचा ताबा कोणालाही देऊ नका.

१०. दुरुस्तीला देताना

– बॅकअप स्वतः घ्या. मशीन चालू होत नसेल तर डेटा हवाय हे पावतीवर लिहून घ्या.
– “फॉरमॅट मारा” असं मोघम सांगू नका. “माझं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे” म्हणणाऱ्यांच्या निम्म्या फाइल डेस्कटॉपवर, म्हणजे चालू केल्यावर दिसणाऱ्या पहिल्या पडद्यावर, असतात, आणि तो सी ड्राइव्हमध्येच असतो.
– पावतीवर सीरियल नंबर, तक्रार, आणि सोबत दिलेल्या वस्तू (चार्जर, बॅग) लिहून घ्या.
– खर्चाचा अंदाज आधी विचारा, आणि त्यापुढे गेल्यास फोन करा असं सांगा.
– बदललेला जुना भाग परत मागा. जुनी डिस्क तर मागाच. तिच्यात तुमचा डेटा आहे.
– ब्राउझरमधून बँकेचं आणि मेलचं लॉगिन काढून टाका. पासवर्ड द्यावाच लागला तर तात्पुरता ठेवा, मशीन परत आल्यावर बदला.

बोर्डाची दुरुस्ती सांगितली तर एकदा दुसरीकडेही दाखवा. “बोर्डच बदलावा लागेल” हे कधी खरं असतं, कधी चिप पातळीवर काम करणारा माणूस तिथे नसतो म्हणून सांगितलेलं असतं.

११. मशीन विकताना किंवा टाकताना

नुसत्या फाइल डिलीट करून काही पुसलं जात नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘रीसेट धिस पीसी’, त्यात ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’, आणि पुढच्या पर्यायांत ‘क्लीन डेटा’ निवडा. हार्ड डिस्कला यात काही तास जातात, जाऊ द्या. एसएसडीवर आधीपासून एन्क्रिप्शन चालू असेल तर रीसेटनंतर उरलेसुरले तुकडेही वाचता येत नाहीत. नसेल तर बायोसमधला किंवा डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला ‘सिक्युअर इरेज’ वापरा. मग तुमच्या मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपल खात्यातून ते उपकरण काढा, नाहीतर घेणारा सहाव्या मुद्द्यातल्या कुलपापाशी अडकेल.

मशीन पूर्ण मेलेलं असेल तर रॅम आणि एसएसडी काढून ठेवा. एसएसडी एनक्लोजरमध्ये (यूएसबीने जोडायच्या डबीत) घातली की बाहेरची डिस्क तयार. बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. टोकांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. चालू मशीन कोणाला देत असाल तर मूळ चार्जर सोबत द्या, कारण भलत्याच व्होल्टचा गोल पिनचा चार्जर लावून बोर्ड जाळून आणणारे बरेच असतात.